कळफलकातला बारका संगणक

आपल्यापैकी निम्म्यांचं पोट कळफलकावर चालतं; पण त्या कळफलकाच्या पोटात एक स्वतंत्र संगणक असतो, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला. त्याच्या ८३ कळांच्या जाडजूड कळफलकात इंटेलची ८०४८ ही १९७६ सालची चिप होती. प्रोसेसर, १ किलोबाइटचा कायमचा प्रोग्राम आणि ६४ बाइट स्मृती, सगळं एकाच चिपमध्ये. म्हणून तिला मायक्रोकंट्रोलर म्हणायचं. कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या. कुठली दाबली, कुठली सुटली, हे ती चिप अखंड तपासत राहायची. गंमत पुढेच आहे. 'ए' दाबला की ती 'ए' पाठवत नसे, नुसता ३० हा क्रमांक पाठवी. अक्षर कोणतं, ते संगणकाने ठरवायचं! माझ्या मते त्या यंत्रातला हा सगळ्यात शहाणा निर्णय. पुढे इन्स्क्रिप्टची देवनागरी साध्या इंग्रजी कळफलकावर उमटू शकली, ती याच तत्त्वावर.

मात्र ८०४८ मधला प्रोग्राम कारखान्यातच कोरलेला, मालकाला तो बदलता येत नसे. हे कुलूप निघालं फ्लॅश स्मृतीमुळे. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांनी मांडलेल्या रचनेतून १९९० च्या दशकात अ‍ॅटमेल कंपनीच्या एव्हीआर चिप्स आल्या. त्यांतली एटीमेगा३२यू४ पुढे हौशी कळफलककारांची लाडकी झाली, कारण ३२ किलोबाइट फ्लॅश आणि यूएसबी दोन्ही तिच्या अंगातच. टीन्सी २.०, प्रो मायक्रो हे बोटभर बोर्ड तिच्यावरचेच. जोडीला टीएमके आणि त्यातून निघालेलं क्यूएमके ही मुक्त सॉफ्टवेअर. २०२१ मध्ये रास्पबेरी पाय पिको आला तो अवघ्या चार डॉलरला.

एवढा खटाटोप कशाला, असं घरचे विचारतातच. माझ्या आईची बोटं संधिवाताने आखडली आहेत. इन्स्क्रिप्टमध्ये ख, ळ, श लिहायला शिफ्ट धरून ठेवावी लागते, आणि दोन कळा एका वेळी दाबणं तिला जमत नाही. तिच्यासाठी जोडलेल्या कळफलकात शिफ्ट एकदा दाबून सोडली की पुढच्या अक्षरापर्यंत ती लक्षात राहते. विंडोजमध्येही ही सोय आहे म्हणा. पण इथे ती कळफलकातच असल्याने भावाच्या लॅपटॉपला जोडला तरी चालतो. मावशीला जाणाऱ्या ईमेलमध्ये आता 'बाळ'चा 'बाल' होत नाही.