काय लागतंय?

आमच्या काष्टीचा आणि समुद्राचा संबंध काय, असं कुणीही विचारेल. श्रीगोंदा तालुक्यातलं हे गाव. जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर. दौंडच्या जवळ, दौंड-मनमाड रेल्वेमार्गावर. राज्यभर नाव आहे ते शनिवारच्या जनावरांच्या बाजाराचं. मुंबई-अलिबागचा किनारा इथून दोनशे किलोमीटरच्या पुढे. आमच्याकडच्या जुन्या माणसांनी पाणी पाहिलं ते विहिरीचं, घोडनदीचं आणि भीमेचं. होडी पाहिली ती सिद्धटेकच्या गणपतीला जाताना. पूल होण्याआधी शिरापूरकडून पलीकडे जायला होडीच लागायची. आमची नौकानयनाची कारकीर्द तेवढीच!

तरी गेले काही महिने मी समुद्रावर बोटी बंद पडतात तेव्हा काय होतं, याबद्दल मिळेल ते वाचतो आहे. आणि वाचताना सारखे आजोबा आठवतात, ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नाही.

आजोबा बैलगाडीवाले. बाजाराला, कारखान्याला, पाहुण्यांकडे, सगळीकडे गाडीच. त्यांच्या गाडीत काही वस्तू कायम असत: चऱ्हाटाचं वेटोळं, कुऱ्हाड, वाकस, कंदील, गाडीखाली टांगलेलं वंगणाचं नळकांडं, आणि चाक निसटू नये म्हणून कण्याच्या टोकाला घालतात ती खीळ, एक जादा. रात्री-बेरात्री माळावर चाक निसटलं तर सुतार-लोहार कुठून आणणार? जे काय करायचं ते आपणच. पण आजोबांच्या बोलण्यात दुसरीही एक गोष्ट यायची. वाटेत मोडलेली गाडी दिसली की पुढे जायचं नाही. आणि थांबल्यावर "काय झालं?" असं विचारायचं नाही. काय झालं ते दिसतंच. विचारायचं, "काय लागतंय?" नदीच्या वाळूत गाडी रुतली असेल तर आपले बैल सोडून त्याच्या गाडीपुढे जुंपायचे. त्याची गाडी काठाला लागली की मग आपली वाट.

या रिवाजाला इतिहास आहे तो आमच्या रस्त्यांचा, किंवा खरं तर रस्ते नसण्याचा. दोनशे वर्षांपूर्वी या भागात मालाची मुख्य ने-आण बैलांच्या पाठीवरूनच होई. गाड्या थोड्या, आणि होत्या त्यांची चाकं म्हणजे जड, बुटक्या तबकड्या. इंदापूरकडे १८३०च्या दशकात जमीन मोजणीचं काम चाललं होतं, तेव्हा गेसफर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हलकी, मजबूत गाडी तयार करवली आणि टेंभुर्णीला तिचा कारखानाही काढला. मग आरेवाली चाकं आणि लोखंडी धाव गावोगाव रुळली. गाडी सुधारली, माल वाढला, पल्ला लांबला. पण दोन गावांमधलं निर्मनुष्य अंतर काही कमी झालं नाही, आणि गाडी मोडायची ती नेमकी त्या अंतरातच. म्हणून प्रत्येकाजवळ आपलं सामान, आणि प्रत्येकाला दुसऱ्याची गरज कळलेली.

समुद्र म्हणजे तसंच निर्मनुष्य अंतर. फक्त तिथे गाडी सोडून चालत गावात जाता येत नाही.

आपल्या किनाऱ्यावरची सगळ्यात मोठी आणि दुःखाची गोष्ट 'रामदास' बोटीची. तारीख १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नव्हता. सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. दिवस आखाडाच्या अखेरीचे, गटारीचे. घरी निघालेले चाकरमानी, बाजारहाट करून परतणारी माणसं, बायका-पोरं. पावसाळी समुद्र खवळलेला. काश्याच्या खडकाजवळ मोठ्या लाटांनी बोट कलंडली, माणसं घाबरून एका बाजूला धावली, आणि थोड्याच वेळात बोट उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. अलिबाग, नांदगाव, पेण या बाजूला त्यानंतर कितीतरी घरांत दिवे लागले नसतील.

यातल्या दोन गोष्टींवर मी पुन्हा पुन्हा अडतो.

पहिली म्हणजे 'रामदास'वर बिनतारी संदेशयंत्र नव्हतं. मुंबई बंदर इतकं जवळ, पण बोट बुडाल्याची खबर तिथे पोचली दुपार उलटून गेल्यावर, आणि तीही पोहत-तरंगत किनाऱ्याला लागलेल्या माणसांकडून. ही कंपनी स्वदेशीच्या चळवळीतून उभी राहिलेली. परक्या कंपन्यांच्या मक्तेदारीविरुद्ध आपल्या लोकांनी पैसे घालून काढलेली, म्हणून लोक तिला प्रेमाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. बोटींना संतांची नावं. याच कंपनीच्या 'जयंती' आणि 'तुकाराम' या बोटी ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी बुडाल्या होत्या. वीस वर्षांनी 'रामदास'. बोट आपली असणं हे स्वावलंबन खरंच, मी ते कमी लेखत नाही. पण बोट बंद पडली, कलंडली, तर पुढे काय, याची तयारी नसेल तर ते स्वावलंबन धक्क्यापुरतंच राहतं.

दुसरी गोष्ट रेवसच्या कोळ्यांची. मासळी घेऊन मुंबईला निघालेले त्यांचे पडाव त्या बाजूला होते. पाण्यात माणसं दिसली तेव्हा त्यांनी पडावातली मासळी समुद्रात टाकून दिली आणि त्या जागेवर माणसं ओढून घेतली. वाचलेल्यांपैकी बरेचजण असे वाचले. आता हे सहज लिहून जातो आपण, पण पावसाळ्यातली मासळी म्हणजे काय ते कोळ्याला विचारा. जीव धोक्यात घालून धरलेली, घरात दुसरी मिळकत नसताना धरलेली. ती परत टाकायला किती वेळ लागला असेल? विचार करायलाही सवड नसेल. बरं, त्यांना हे जमलं ते नुसतं मन मोठं होतं म्हणून नाही. ज्या समुद्रात आगबोट टिकली नाही, त्यात ते आपले पडाव सांभाळून होते. स्वतः तरंगत होते म्हणून दुसऱ्याला वर घेऊ शकले.

इथे मला माझा विषय सापडला. आपण स्वावलंबन आणि परोपकार या दोन निराळ्या गोष्टी मानतो. स्वावलंबी म्हणजे जो कुणाकडे जात नाही आणि (मनातल्या मनात) ज्याच्याकडेही कुणी येऊ नये असा. परोपकारी म्हणजे जो स्वतःचं सोडून लोकांचं करतो. आजोबांच्या गाडीतलं चऱ्हाट आणि कोळ्यांचा पडाव पाहिला की हे बरोबर वाटत नाही. जादा खीळ ज्याच्याजवळ आहे, तोच ती दुसऱ्याला देऊ शकतो.

याच्या पुढची कथा सुरू होते तीही समुद्रापासून दूर, फलटणजवळच्या विंचुर्णीला. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर तिथे राहत. १९७१च्या युद्धात 'कामोर्ता' या युद्धनौकेची कमान त्यांच्याकडे होती आणि त्यासाठी त्यांना वीरचक्र मिळालं होतं. एका भारतीयाने भारतात बांधलेल्या शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांचा. नौदलातले दिलीप दोंदे पुढे आले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ५६ फुटांची 'म्हादेई' बांधली गेली, आणि ती बांधली जात असताना दोंदे स्वतः तिथे होते. मला या मोहिमेतला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दक्षिण महासागरात काही मोडलं तर ते कुठल्या फळीमागे आहे, कुठल्या बोल्टने धरलंय, हे त्यांना पाठ होतं. १९ ऑगस्ट २००९ ला ते मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबून १९ मे २०१० ला परत आले. मग त्याच 'म्हादेई'तून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला निघाले आणि ३१ मार्च २०१३ ला, वाटेत कुठेही न थांबता, मुंबईला पोचले.

एकट्याने जायचं म्हणजे कुणाचीच मदत नाही, असं आपल्याला वाटतं. पण दोंद्यांना तयार करण्यात सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचा हात होता. १९६८-६९ मध्ये जगात पहिल्यांदा एकट्याने, न थांबता प्रदक्षिणा करणारे ते हेच. त्यांची 'सुहैली' ही होडी कुठे बांधलेली? आपल्या मुंबईत! आपण दिलेलं असं फिरून आपल्याकडे आलं.

२०१८ साली 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत टॉमी 'थुरिया' नावाच्या होडीतून उतरले. ही 'सुहैली'च्या धर्तीवर गोव्यातच बांधलेली. या शर्यतीत साधनं जुन्या काळचीच वापरायची. २१ सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने 'थुरिया' उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली. उठताही येईना. त्याच वादळात ग्रेगर मॅकगकिन या आयरिश स्पर्धकाच्या होडीचीही डोलकाठी गेली होती. त्याने काय करावं? उरलेल्या सामानातून तात्पुरती काठी उभारली, जमेल तेवढं शीड बांधलं आणि तशा मोडक्या होडीने तो टॉमींच्या दिशेने निघाला. भारतीय नौदलाच्या विमानाने 'थुरिया' शोधून काढली. २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' हे फ्रेंच गस्ती जहाज आधी पोचलं आणि टॉमींना वाचवलं. मग मॅकगकिनलाही त्याच जहाजाने घेतलं. म्हणजे मॅकगकिनची मदत प्रत्यक्षात लागली नाही. तरी त्या मोडक्या होडीचं तिकडे निघणं मला फार मोठं वाटतं. ज्याने आपली होडी स्वतः सावरली होती, त्यालाच तिकडे जाण्याचा विचार करता आला. पुढे २०२२च्या शर्यतीत टॉमी पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. ती शर्यत जिंकली कर्स्टन नॉयशेफर या दक्षिण आफ्रिकेच्या बाईंनी, आणि तीसुद्धा वाटेत होडी बुडालेल्या टापियो लेहटिनेन या स्पर्धकाला वाचवून.

समुद्रावर हा रिवाज आता कायदाही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२च्या सागरी कायद्याच्या करारातलं ९८वं कलम सांगतं की आपलं जहाज, खलाशी आणि प्रवासी यांना गंभीर धोका नसेल तर संकटातल्या माणसाला मदत केलीच पाहिजे. यातली अट नीट पाहा. आधी आपलं जहाज सांभाळा, मग जा. आणि सांभाळता येत असेल तर गेलंच पाहिजे. आपल्याकडे रस्त्यावर अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलिस-कोर्टाचा जाच होऊ नये म्हणून २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात तरतूद झाली. चांगलंच झालं. पण मदत करणाऱ्याला संरक्षण द्यावं लागतं, इतके आपण थांबायला घाबरायला लागलो होतो, हेही त्यातून कळतं.

मुंबईच्या समुद्रावर मात्र अजून थांबतात. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. पंधरा माणसं गेली. पण बोटीवर शंभराच्या वर माणसं होती, आणि त्यातली बरीचशी वाचली, कारण आसपासच्या बोटी सगळं सोडून तिकडे वळल्या. 'रामदास'नंतर ७७ वर्षांनी, त्याच मुंबईच्या समुद्रात.

आमच्याजवळची गोष्ट इतकी बरी नाही. २१ मे २०२४ ला उजनीच्या जलाशयात कुगाव-कळाशी दरम्यान वादळात होडी उलटली. सातजण होते, सहा गेले, त्यांत दोन लहान मुलं. एकजण पोहत काठाला आला. ही आमच्याच भीमेची गोष्ट. काष्टीकर म्हणून समुद्र आपला नाही असं म्हणून सुटता येत नाही, पाणी आता आपल्या दारात आलं आहे. जीवरक्षक जाकीट म्हणजे आजोबांची जादा खीळच. ती काठावर ठेवून उपयोग नाही.

आजोबांच्या काळासारखं मोडकं काम आता आपल्याला करता येणार नाही, हे मला मान्य आहे. नव्या गाडीचं बॉनेट उघडून आत नुसतं बघत उभं राहायचं, आणि मग फोन लावायचा. असो. पण दोर, बॅटरी, पाण्याचा कॅन आणि चाक बदलायचं सामान डिकीत ठेवायला कुणाची ना नाही. आमच्या पुतण्याने परवा नवी गाडी घेतली. त्याला मी पेढ्यांबरोबर एक जाड दोर दिला. तो हसला. "काका, नवीन गाडी आहे, ओढायची वेळ नाही येणार."

त्याला म्हटलं, तुझ्या गाडीसाठी नाहीच तो.