झऱ्याची हद्द कुठे आखायची?

सावंतवाडी तालुक्याच्या खालच्या टोकाला तेरेखोल खाडीकाठी आरोंदा आहे आणि वरच्या टोकाला, घाटमाथ्यावर, आंबोली. आरोंद्याची पाणथळ भरती-ओहोटीवर जगते. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमावरचे कुंड जगते ते जमिनीखालून येणाऱ्या झऱ्यावर. या कुंडाला सरकारी संरक्षण कसे मिळाले आणि ते कुठवर पोचते, हे उपलब्ध कागद एकमेकांशेजारी ठेवले की बऱ्यापैकी कळते.

पहिला कागद १९९३च्या भूजल कायद्याचा. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर त्याने निर्बंध घातला. २००९च्या व्यापक कायद्याने त्याची जागा घेतली. १९९३च्या कायद्याचा हेतू त्याच्या नावातच आहे: पिण्याचे पाणी. झऱ्यावर माणसांखेरीज आणखी कोण जगते, हा त्याचा विषय नव्हता.

दुसरा कागद ‘इस्रो’च्या पाणथळ नकाशासंग्रहाचा. उपग्रहचित्रांवरून केलेल्या या नोंदीत २.२५ हेक्टरांहून लहान जागा फक्त बिंदू म्हणून दाखवल्या गेल्या. ८ फेब्रुवारी २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने ज्या २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण देण्यास सांगितले, त्या या मर्यादेच्या वरच्या. त्याच वर्षीचे पाणथळ नियम रामसर स्थळांना आणि शासनाने अधिसूचित केलेल्या पाणथळींना लागू होतात. देवळाजवळचे छोटे कुंड या चाळणीतून सहज खाली पडते.

मग २०२०मध्ये एक मासा कागदावर आला. जयसिम्हन प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि शंकर बालसुब्रमण्यम यांनी आंबोलीच्या माशाचे ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या नावाने शास्त्रीय वर्णन केले. हा बोटभर लांबीचा, तोंडाशी मिशा असलेला आणि तळाच्या दगडगोट्यांत वावरणारा मासा. पुढल्याच वर्षी, २०२१मध्ये, राज्य शासनाने मंदिर आणि कुंडासह २.११ हेक्टर जागा जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केली. त्यासाठी २००२च्या जैविक विविधता कायद्याचे कलम ३७ वापरले. म्हणजे नकाशाच्या मर्यादेपेक्षाही लहान जागा वाचली, ती पाणथळ म्हणून नव्हे, माशाचे घर म्हणून.

शेजारच्या दोडामार्ग तालुक्यातही हाच क्रम दिसतो. हेवाळे-बांबर्डे येथील रानजायफळांच्या दलदलीची नोंद २०१८मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आली आणि २०२१मध्ये २.५९ हेक्टरांचे वारसा स्थळ झाले. तिथली झाडे सततच्या ओलीत उभी असतात आणि श्वासासाठी गुडघ्यासारखी वाकलेली मुळे चिखलाबाहेर काढतात. वरून पाहणाऱ्या उपग्रहाला दिसतो तो केवळ दाट पानोळा.

दोन्ही ठिकाणी आधी जीव सापडला, मग पाण्याला हद्द मिळाली. अडचण त्या हद्दीतच आहे. घाटमाथ्यावरच्या जांभ्याच्या सड्यावर पडलेला पाऊस सच्छिद्र दगडातून मुरतो, खालच्या चिकट मातीच्या थराला अडतो आणि आडवा सरकत कड्याच्या पोटातून झरतो. २.११ हेक्टरांत झऱ्याचे तोंड आले. सड्यावरची मुरण त्या हद्दीबाहेरही असू शकते, आणि तिथे बोअर किंवा खाण झाली तर कुंडाला हात न लावताही ते आटू शकते.

पाणथळ नियमांत ‘प्रभावक्षेत्रा’ची तरतूद आहे, पण ती पाणलोटाच्या भाषेत केलेली. भूगर्भातले पाणी डोंगराच्या पाणढाळीप्रमाणेच वाहील, याची हमी नसते. युरोपीय संघाने २०००च्या जलनिर्देशात भूजलाची स्थिती ‘चांगली’ ठरवताना त्यावर विसंबलेल्या परिसंस्थांना मोठी हानी होत नसल्याची अट घातली. आपल्याकडे तशी कसोटी लावायची तर प्रत्येक वारसा झऱ्यासाठी दोन साधे कागद हवेत: महिन्यागणिक झऱ्याच्या प्रवाहाची नोंदवही आणि मुरणक्षेत्राचा नकाशा. उद्या वर सड्यावर कुणी बोअरची परवानगी मागितली, तर ती नाकारायला या दोन कागदांचाच आधार लागेल.