काकर भैरव आणि गाईची वार

धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावात नांगरताना कधीकधी वाटोळे दगड वर येत. लोकांनी ते बांधावर फेकले नाहीत, पूजेला लावले. काकर म्हणजे शेत, म्हणून हा ‘काकर भैरव’. शेताची आणि गुरांची राखण हे त्याचे काम. डिसेंबर २०२३ मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या कुलदैवताची ओळख सांगितली : टायटनोसॉर या अजस्र डायनोसॉरचे अंडे.

याच जिल्ह्यातल्या बाघ-कुक्षीच्या पट्ट्यात अशा अंड्यांना तोटा नाही. दिल्ली विद्यापीठाच्या हर्षा धीमान, गुंटुपल्ली प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्येच तिथली ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली. घरटी इतकी खेटून, की माद्यांना मधे वावरायला जागाच नव्हती. अंडी घालून त्या निघून जात असाव्यात. पिल्लाची सगळी शिदोरी कवचात एकदाच बांधून दिलेली.

त्याच युगात दुसरीकडे वेगळा संसार चालू होता. याच प्रसादांनी अशोक साहनींसोबत १९८८ मध्ये ‘डेक्कनोलेस्टिस’ या चिमुकल्या सस्तन प्राण्याची नोंद केली. दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या गाळात, तेलंगणातल्या नस्कलजवळ, त्याचे दात सापडले होते. सस्तनांच्या या शाखेने कवच सोडून गर्भाला वारेतून पोसायचा मार्ग धरला होता.

त्यात हातभार लागला तो उपऱ्यांचा. जनुकसंचात एका जागेवरून दुसरीकडे उडी मारणारे तुकडे असतात. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी ते मक्यात ओळखले आणि त्यासाठी त्यांना १९८३ मध्ये नोबेल मिळाले. माणसाच्या जनुकसंचाचा जवळजवळ निम्मा भाग अशाच तुकड्यांचा किंवा त्यांच्या अवशेषांचा आहे. बहुतेक निपचित पडून असतात, काही मात्र कामाला लागले. ‘पेग-१०’ हे जनुक अशाच तुकड्यातून आले. ते नसलेल्या उंदराची वार नीट घडत नाही आणि गर्भ पोटातच दगावतो. अंडी घालणाऱ्या प्लॅटिपसमध्ये हे जनुक नाही. माणसात आहे, कांगारूच्या कुळातही आहे.

धारच्या मालव्याला उपऱ्यांनी येऊन घरचे होण्याची ही कथा अनोळखी वाटू नये. अठराव्या शतकात पवार चौथाईसाठी दक्षिणेतून फौजा घेऊन आले आणि धारला गादी करून राहिले. 

वार घडवण्याच्या कामात विषाणूंचीही उसनवारी आहे. प्राचीन विषाणूंनी पूर्वजांच्या जनुकांत घुसून मागे ठेवलेली ‘सिन्सिटिन’ जनुके पेशी एकमेकींत विरघळवून वारेचा थर बांधतात. माणसाचे सिन्सिटिन एका विषाणूचे, उंदराचे दुसऱ्याचेच, रवंथ करणाऱ्या जनावरांचे तिसऱ्याचेच. पाडल्यातल्या गोठ्यात गाय व्याली की तिची वार पडेपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला असतो. त्या वारेत या तिसऱ्या विषाणूची खूण असते, आणि गाईची राखण काकर भैरवाकडे, म्हणजे एका न फुटलेल्या अंड्याकडे.