कळंब ते करबला

कळंब म्हटलं की चिंतामणी, हे बरोबरच. पण मित्रांनो, आपल्या इतिहासाचा एक धागा करबलापर्यंत जातो!

६८० साली इमाम हुसेन तिथे शहीद झाले. त्यांची कबर म्हणजे शियांचं मोठं तीर्थ. १५३७ च्या सुमारास शाह ताहिरच्या प्रभावाने अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने शिया पंथ स्वीकारला. त्याच्या अस्थी करबलालाच नेल्या, असं फिरिश्ता लिहितो. हे घराणं मूळचं पाथरीच्या ब्राह्मणाचं!

१५७४ मध्ये निजामशाहीने वऱ्हाड जिंकलं. १५९६ मध्ये नगरच्या वेढ्यानंतर चांदबीबीला ते मोगलांना द्यावं लागलं. ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाडच्या सरकारांमध्ये आपलं कळंबही आहे.

म्हणून मी म्हणतो, मोहरमला परकं म्हणण्याआधी आपल्याच मुलखाचा इतिहास वाचा.