जाम झालेले नट-बोल्ट (मोटरसायकल दुरुस्ती)

गंज किंवा क्षरणामुळे जागीच घट्ट बसलेल्या आणि नेहमीच्या पान्याने न सुटणाऱ्या नट, बोल्ट, स्क्रू किंवा आसाला जाम झालेला भाग म्हणतात. केवळ जोर लावल्यास बोल्ट तुटून त्याचा तुकडा इंजिनात अडकू शकतो व घरी होणाऱ्या किरकोळ कामासाठी लेथ वर्कशॉप गाठावे लागते. म्हणून असे भाग काढताना कमीत कमी हानिकारक उपायापासून सुरुवात केली जाते.

कारणे

लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे आट्यांमधील बारीक फट भरून जाते. इंजिनाचे आवरण बहुधा ॲल्युमिनियमचे, तर बोल्ट पोलादाचे असतात. त्यांच्यामध्ये खारट ओलावा शिरल्यास विद्युतरासायनिक क्षरण होऊन ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत साचते. कोकण व गोव्यासारख्या किनारी प्रदेशांत हवेतील क्षारांमुळे ही क्रिया वेगाने होते.

काढण्याच्या पद्धती

* तेल: तारेच्या ब्रशने गंज झाडून आट्यांवर गंज सोडवणारे पातळ तेल सोडतात व काही तास मुरू देतात. नंतर बोल्ट किंचित घट्ट, किंचित सैल असा आलटूनपालटून फिरवतात.
* योग्य हत्यार: षटकोनी बॉक्स पाना बोल्टच्या डोक्याच्या सपाट बाजूंवर बसत असल्याने कोपरे झिजत नाहीत. जुन्या जपानी मोटरसायकलींवरील चौफुली स्क्रू जपानी औद्योगिक मानकाचे (जेआयएस) असतात. त्यांत फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर निसटून खाच खराब होते.
* आघात: इम्पॅक्ट ड्रायव्हरवर हातोडी मारली असता दाब व पीळ एकाच वेळी मिळतो.
* उष्णता: तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे आवरण गरम केल्यास बोल्टवरील पकड सैल होते.
* ड्रिल: तुटलेल्या बोल्टच्या बरोबर मध्यभागी छिद्र पाडून एक्स्ट्रॅक्टरने तुकडा काढतात. एक्स्ट्रॅक्टर अतिशय कठीण पोलादाचा असतो; तोच आत तुटल्यास साध्या ड्रिलने निघत नाही.

सुरक्षितता

उष्णता देण्यापूर्वी पेट्रोलची टाकी व बॅटरी काढून दूर ठेवतात. क्लोरीनयुक्त क्लीनर तापल्यास फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. काही इंजिनांची आवरणे मॅग्नेशियम मिश्रधातूची असतात. त्यांवर ज्योत वापरत नाहीत. ब्रेक डिस्क व पॅडवर तेल उडाल्यास ब्रेकची पकड कमी होते. ठोकताना व ड्रिल करताना संरक्षक चष्मा वापरतात.

पुनर्जोडणी

गंजलेले बोल्ट पुन्हा न वापरता बदलतात. आटे टॅपने साफ करतात. ते गेले असल्यास हेलिकॉइल बसवतात. अँटी-सीझ लेपामुळे भाग पुन्हा जाम होण्याची शक्यता घटते. मात्र लेपाने घर्षण कमी होत असल्याने कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क तसाच वापरल्यास बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जाऊ शकतो.