शस्त्रक्रियेनंतरचे आठ दिवस

जखम शिवली, रोगी शुद्धीवर आला, घरच्यांच्या जिवात जीव आला, की शस्त्रवैद्याचे काम संपले असे आपण समजतो. पूर्वीच्या शस्त्रवैद्यांना मात्र खरी धास्ती असे ती पुढच्या आठ-दहा दिवसांची. जखम भरत आलेला, उद्या घरी जायचा रोगी खाटेवरून उतरावा, दोन पावले टाकावी आणि छातीला हात लावून कोसळावा! पडून राहिल्याने पायाच्या शिरेत साकळलेली रक्ताची गुठळी सुटे आणि हृदयातून पुढे जाऊन फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडके. हा मार्ग जर्मनीच्या फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखविला होता. पण चोराची वाट कळली म्हणून चोर सापडतोच असे नाही.

औषध हाती आले तेही उलट्याच वाटेने. १९१६ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन नावाचा विद्यार्थी प्राध्यापक हॉवेल यांच्या हाताखाली रक्त गोठविणारी द्रव्ये अभ्यासीत होता. यकृतातून त्याला मिळाले ते रक्त गोठूच न देणारे द्रव्य! यकृताच्या ग्रीक नावावरून हॉवेल यांनी पुढे 'हेपॅरिन' हे नाव रूढ केले. १९३० नंतर टोरांटो व स्टॉकहोम येथे ते शुद्ध स्वरूपात सिद्ध झाले आणि रोग्यांना दिलेही गेले.

मग प्रश्न मिटला काय? छे! रक्त गोठले नाही तर ताजी जखम वाहत राहणार, आणि गोठले तर गुठळीचे भय. ज्या गुणावर जखमेचा भरवसा, तोच रोग्याचा वैरी. म्हणून औषध जवळ असूनही कित्येक शस्त्रवैद्यांचा हात सुईकडे जाईना. आणि त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार आम्हां खुर्चीत बसणाऱ्यांना नाही.

तोड निघाली ती मात्रेत. ठिणगी ओंजळभर पाण्याने विझते, वणव्याला विहीर पुरत नाही. गुठळी होण्याआधीच हेपॅरिन दिले तर थोडकेच पुरेल, असा विचार अमेरिकेत शार्नॉफ यांनी १९६२ मध्ये मांडला होता. त्याची मोठी परीक्षा घेतली ती लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील विजय कक्कर या मूळच्या भारतीय शस्त्रवैद्याने. शस्त्रक्रियेपूर्वी दोन तास ५,००० एकके कातडीखाली टोचायची आणि मग दर आठ तासांनी तेवढीच, सात दिवस. अनेक देशांतील रुग्णालयांतून चाळिशी ओलांडलेले ४,१२१ रोगी घेतले. कोणाला औषध द्यायचे ते चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरे. १९७५ च्या जुलैत निष्कर्ष छापून आले. औषध न दिलेल्या २,०७६ जणांत फुप्फुसातील गुठळीने १६ दगावल्याचे शवविच्छेदनात दिसले. औषध दिलेल्या २,०४५ जणांत फक्त २.

आणि जखमेत रक्त साकळल्याची उदाहरणे? औषध न घेतलेल्यांत ११७, घेतलेल्यांत १५८. तो आकडाही त्यांनी त्याच लेखात छापला.