वर्गांची बेरीज आणि संख्यांचें क्षेत्र

‘वर्ग पूर्ण करणें’ ही बीजगणितांतील युक्ति शाळेंत सर्वांनींच गिरविलेली असते. द्विघाती पदावलींतील मिश्र पदें घालवून ती केवळ वर्गांच्या बेरजेंत मांडावयाची, एवढाच तिचा हेतु. लाग्रांज यानें १७५९ मध्यें ही रीति कितीही अव्यक्तांस लागू केली. सारणीच्या भाषेंत बोलावयाचें तर, कर्णाच्या दोहों बाजूंस सारखेच अंक असलेल्या सममित सारणीचे परस्परांस लंब असे भाग पाडणें तें हेंच. या विषयाचा इतिहास आम्ही वाचकांपुढें ठेवितों, तो त्यांत गणिताबरोबर माणसेंही आहेत म्हणून.

१८२९ मध्यें कोशी यानें सिद्ध केलें कीं, वास्तव संख्यांच्या सममित सारणीचीं लाक्षणिक मूल्यें वास्तवच असतात. त्यामुळें लांबी न बदलतां, नुसते अक्ष फिरवूनच हें विभाजन साधतें. १८५२ मध्यें सिल्व्हेस्टरनें दाखविलें कीं, अव्यक्तें कशींही बदललीं तरी धन वर्ग किती व ऋण वर्ग किती, ही गणना अढळ राहते. हा सिल्व्हेस्टर केंब्रिजच्या १८३७ च्या परीक्षेंत दुसरा आला होता. परंतु यहुदी असल्यामुळें ख्रिस्ती धर्ममतांवर सही करीना, म्हणून त्यास पदवी मिळाली नाहीं. ती मिळण्यास १८७२ साल उजाडावें लागलें!

पण संख्यांचें क्षेत्रच बदललें तर? अपूर्णांकांपुरतेंच राहावयाचें ठरविलें, तर वर्गमूळ हातचें जातें. वास्तव संख्यांत क्ष² + य² आणि ३क्ष² + ३य² ह्या पदावली एकरूप होतात. अपूर्णांकांत होत नाहींत, कारण तीन ही संख्या दोन अपूर्णांकांच्या वर्गांची बेरीज नव्हे. पांचानें भागून उरणाऱ्या बाकींच्या क्षेत्रांत तर १² + २² = ०, म्हणजे (१, २) ही दिशा स्वतःलाच लंब! आणि जेथें १ + १ = ० असतें, तेथें दोननें भागतांच येत नसल्यामुळें शाळेंतील युक्तीच लंगडी पडते.

हेन्सेलनें १८९७ मध्यें प्रत्येक मूळ संख्येगणिक एकेक नवें संख्याक्षेत्र निर्माण केलें. त्याचा शिष्य हासे यानें १९२३ मध्यें सिद्ध केलें कीं, अपूर्णांकांवरील दोन पदावली वास्तव संख्यांत व ह्या सर्व क्षेत्रांत एकरूप ठरल्या, तर त्या अपूर्णांकांतही एकरूपच असतात.

१९३७ मध्यें एर्न्स्ट विट यानें, दोन हा शून्य नसलेल्या कोणत्याही क्षेत्रासाठीं नियम घालून दिला: दोन पदावलींतून समान भाग वगळला, तर उरलेले भागही एकरूपच राहतात. त्यावरून स्वतःस लंब दिशांचा भाग वेगळा काढल्यावर जो गाभा उरतो, तो एकच, हें निश्चित झालें. विटला ही दृष्टि गटिंगेन येथें एमी नोएथर ह्या विदुषीजवळ लाभली. १९३३ मध्यें यहुदी म्हणून त्यांस अध्यापनांतून दूर करण्यांत आलें. त्याच वर्षीं विट नाझी पक्षांत शिरला. नोएथर अमेरिकेंत गेल्या व १९३५ मध्यें तेथेंच वारल्या.

सिद्धान्ताची सत्यता कर्त्याच्या आचरणावर अवलंबून नसते, हें खरें. तथापि ज्ञानाची परंपरा धर्म वा वंश विचारीत नसतां, ती चालविणाऱ्या संस्थांनीं तो वारंवार विचारावा, ही गोष्ट सुशिक्षितांनीं विसरतां कामा नये, असें आम्हांस वाटतें.